थंडीत गाडी सुरू होत नाही? आधी आवाज ऐका, मग पाना शोधा

डिसेंबर-जानेवारीत सकाळी सहाच्या सुमाराला पार्किंगमध्ये एक ठरलेला आवाज येतो. घर्र... घर्र... घ्... आणि मग शांतता. त्यानंतर परत तेच, जरा जास्त वेळ. तिसऱ्या-चौथ्या वेळेला नुसतं 'टिक'. मग कुणीतरी बॉनेट उघडतं, आत बघतं आणि म्हणतं, "बॅटरी गेली वाटतं."

बरेचदा ते बरोबर असतं, पण दर वेळी नाही. ज्या वेळी नसतं त्या वेळी चार-पाच हजारांची नवी बॅटरी बसवूनही दुसऱ्या दिवशी गाडी तशीच उभी राहते. मी व्यवसायाने सॉफ्टवेअरवाला आहे, मेकॅनिक नाही. पण बंद पडलेला सर्व्हर आणि सुरू न होणारी गाडी शोधण्याची पद्धत एकच आहे: अंदाजाने पार्ट बदलत बसायचं नाही, प्रत्येक तपासणीत निम्मे संशयित बाद करायचे. हा लेख त्याच पद्धतीने लिहिला आहे. निफाड-महाबळेश्वरची थंडी, लेह-स्पितीची थंडी आणि कॅनडातली थंडी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यामुळे कुठे काय लागू पडतं तेही सांगतो.

थंडी नेमकं काय बिघडवते?

एकाच वेळी तीन गोष्टी होतात आणि तिन्ही एकमेकींच्या विरोधात काम करतात.

पहिली, बॅटरी अशक्त होते. गाडीतली बॅटरी शिसं आणि सल्फ्युरिक आम्लाची असते. तिच्यातली रासायनिक क्रिया थंडीत मंदावते, आतला रोध वाढतो. उणे १८ अंशांना चांगली बॅटरीसुद्धा उन्हाळ्यातल्या ताकदीच्या साधारण निम्म्यावर येते.

दुसरी, इंजिन ऑइल घट्ट होतं. म्हणजे सेल्फला (स्टार्टर मोटरला) इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ शंभर-दीडशे अँपिअर सहज ओढतो, डिझेलचा त्याहून बराच जास्त. थोडक्यात, मागणी वाढते तेव्हाच पुरवठा घटतो.

तिसरी, इंधन पेट घ्यायला तयार नसतं. पेट्रोलची वाफ कमी होते, डिझेलला पेटण्याइतकी उष्णता मिळत नाही.

जाता जाता एक: मोबाइलवर दिसणाऱ्या 'फील्स लाइक' आकड्याचा गाडीशी काही संबंध नाही. वाऱ्याने आपल्या अंगाची उष्णता लवकर निघून जाते म्हणून आपल्याला जास्त थंडी वाजते. रात्रभर उभी असलेली गाडी हवेच्या तापमानाला येऊन थांबते. वारा सुटला तर ती लवकर गार होईल इतकंच. त्यामुळे गणित करायचं ते खऱ्या तापमानाचं.

पहिला प्रश्न: इंजिन फिरतंय का?

सगळी तपासणी या एका प्रश्नावर दोन भागांत तुटते. किल्ली फिरवल्यावर (किंवा बटण दाबल्यावर) इंजिन नेहमीच्या वेगाने फिरतं पण पेट घेत नाही, तर बॅटरी आणि सेल्फ जवळजवळ सुटले. इंधन, स्पार्क किंवा हीटर प्लगकडे बघायचं. इंजिन फिरतच नाही किंवा रडत-रडत फिरतं, तर इंधनाचा विचारसुद्धा करू नका.

आवाज नीट ऐकणं ही इथली सगळ्यात स्वस्त तपासणी आहे. म्हणून खिडक्या बंद करा, म्युझिक आणि ब्लोअर बंद करा आणि मगच किल्ली फिरवा. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल मारू नका, मधे किमान अर्धा-एक मिनिट थांबा. सेल्फची मोटर थोड्या वेळाच्या कामासाठीच बनवलेली असते. सलग मिनिटभर फिरवली तर तापते आणि एका बिघाडाचे दोन होतात.

फिरत नाही, किंवा हळू फिरतं

आतला दिवा लावा आणि सेल मारताना त्याच्याकडे बघा. दिवा एकदम मंद झाला किंवा विझला तर बॅटरी उतरली आहे किंवा कुठेतरी जोड सैल आहे. दिवा लख्ख आहे आणि इंजिनाकडून एकच 'टिक' येतो किंवा काहीच येत नाही, तर सेल्फ, त्याचा सोलेनॉइड किंवा त्याच्यापर्यंत जाणारा सिग्नल बघायचा. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्या क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल घेतच नाहीत, आणि जाड मॅट क्लचखाली सरकली तर तेवढ्यानेही अडतं. ऑटोमॅटिक असेल तर 'पी'ऐवजी 'एन'मध्ये टाकून बघा. एकापाठोपाठ एक टिक-टिक-टिक-टिक येत असेल तर ती जवळजवळ खात्रीने उतरलेली बॅटरी असते: सोलेनॉइड ओढला जातो, व्होल्टेज पडतं, तो सुटतो, परत ओढला जातो.

पुढचं काम मल्टिमीटरचं. काही शे रुपयांत मिळतो आणि माझ्या मते गाडीत स्टेपनीइतकाच आवश्यक आहे. गाडी रात्रभर उभी असताना, काहीही चालू नसताना बॅटरीचं व्होल्टेज मोजा. १२.६ किंवा वर म्हणजे पूर्ण चार्ज. १२.४ म्हणजे साधारण पाऊण. १२.२ म्हणजे निम्मी, आणि थंडीच्या सकाळी निम्मी बॅटरी भरवशाची नाही. १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, बाकी तपासण्या नंतर.

आता दुसऱ्या कुणाला तरी सेल मारायला सांगा आणि मीटरकडे बघा. व्होल्टेज पडणारच, पण साधारण साडेनऊच्या वर राहिलं पाहिजे. उभ्या गाडीत १२.६ दाखवणारी बॅटरी सेल मारताना आठवर कोसळली तर ती आतून संपली आहे. नुसत्या पहिल्या आकड्यावर विश्वास ठेवून लोक इथेच फसतात.

बॅटरी दोषी ठरवण्याआधी आणखी एक मोजमाप करा, कारण हा सगळ्यात स्वस्त बिघाड आहे आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित. मीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर आणि दुसरी त्याच खुंटीवर बसवलेल्या क्लँपवर ठेवा. सेल मारताना इथे जवळजवळ शून्य दिसलं पाहिजे. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर तेवढी ताकद त्या जोडातच वाया जाते आहे. मग निगेटिव्ह खुंटी आणि इंजिनाचा कोरा धातू यांच्यामध्ये मोजा. तिथे जास्त दिसलं तर अर्थिंगची पट्टी सैल किंवा गंजलेली आहे. टर्मिनलवर पांढरा-हिरवट थर साचला असेल तर खाण्याचा सोडा गरम पाण्यात मिसळून, जुन्या टूथब्रशने घासा. क्लँप काढताना आधी निगेटिव्ह, बसवताना आधी पॉझिटिव्ह. हा क्रम पाळला तर पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी उडत नाही.

बॅटरी थंडीत मरते असं आपण म्हणतो, पण आपल्या हवामानात तिला खरं मारतो तो उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये बॉनेटखालच्या उष्णतेने आतल्या प्लेट्स झिजतात, पाणी उडतं. उन्हाळ्यात ऑइल पातळ असतं, त्यामुळे अशक्त बॅटरीसुद्धा इंजिन फिरवून नेते. डिसेंबर फक्त निकाल जाहीर करतो. म्हणून तीन-चार वर्षं झालेली बॅटरी दिवाळीच्या आसपास लोड टेस्ट करून घ्यावी.

दुसरा चोर म्हणजे गाडी बंद असतानाही वीज खाणारी नंतर बसवलेली उपकरणं: डॅशकॅम, ट्रॅकर, स्वस्तातला म्युझिक सिस्टिम. समजा ही मंडळी मिळून ०.१ अँपिअर ओढतात. दिवसाला २.४ अँपिअर-तास. हॅचबॅकची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची धरली तर आठवड्याभरात निम्मी. गावी आठ-दहा दिवस जाऊन आलात आणि गाडी सुरू झाली नाही, तर बॅटरी बदलण्याआधी हे मोजून घ्या.

जंप स्टार्ट, आणि धक्का

लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनावरच्या कोऱ्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटचा जोड लावताना ठिणगी उडते आणि बॅटरीजवळ हायड्रोजन वायू असू शकतो, म्हणून हे लांब लावायचं. चांगली गाडी सुरू करून पाच मिनिटं थांबा, मग सेल मारा. काढताना बरोबर उलटा क्रम.

एक गोष्ट मात्र कायमची लक्षात ठेवा: गोठलेल्या बॅटरीला जंप देऊ नका. पूर्ण चार्ज बॅटरीतलं आम्ल उणे ५० च्याही खाली गोठतं, पण उतरलेल्या बॅटरीत जवळजवळ पाणीच उरलेलं असतं आणि ती उणे ७ ते १० च्या आसपास गोठू शकते. लेह किंवा काझामध्ये रात्रभर उतरलेली बॅटरी, बाजू फुगलेल्या, आत बर्फ: तिला करंट दिला तर ती फुटू शकते, आणि फुटते ती आम्लासकट. काढून उबदार खोलीत ठेवा, वितळल्यावर केसला तडा नाही ना बघा, मगच चार्जर.

धक्का मारून सुरू करणं फक्त मॅन्युअल गिअरच्या गाडीत. ऑटोमॅटिकमध्ये आणि एएमटीमध्येही नाही. इग्निशन चालू, दुसरा गिअर, क्लच दाबलेला. वेग आला की क्लच सोडायचा. पण हा उपाय फक्त बॅटरी किंवा सेल्फसाठी आहे. इंजिन नीट फिरतंय आणि पेट घेत नाही अशा पेट्रोल गाडीला अर्धा किलोमीटर ढकलत नेलं तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये साठतं, आणि तो पार्ट बॅटरीपेक्षा कितीतरी महाग आहे.

फिरतं, पण पेट घेत नाही: पेट्रोल

इग्निशन चालू केल्यावर, सेल मारण्याआधी, मागच्या सीटखालून दोन सेकंद हलकी 'ऊंऽऽ' येते का ऐका. तो फ्युएल पंप. आवाज नाही तर आधी फ्यूज आणि रिले. पंप वाजतोय तर किल्ली दोन-तीनदा चालू-बंद करून मग सेल मारा. लाइनमधला दाब गळून गेला असेल तर एवढ्यानेही काम होतं.

चार-पाच वेळा सेल मारून पेट्रोलचा वास येत असेल तर इंजिनमध्ये पेट्रोल जास्त झालं आहे, प्लग भिजले आहेत. पाच-दहा मिनिटं थांबा. मग ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा आणि पाच-सात सेकंद सेल मारा. बहुतेक फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत याचा अर्थ ईसीयू 'इंजेक्टर बंद ठेव, नुसती हवा जाऊ दे' असा घेतो. इंजिन पकडलं की पाय उचला. कार्बोरेटरच्या काळातल्या सवयीने सेल मारताना पंप-पंप ॲक्सिलरेटर मारण्याचा मात्र आता काही उपयोग नाही.

आता माझ्या आवडीचा भाग. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल द्यायचं हे ईसीयू ठरवतो, आणि ठरवतो तो कूलंट टेंपरेचर सेन्सरच्या सांगण्यावरून. सेन्सरने "इंजिन ८० अंशांवर आहे" असं खोटं सांगितलं तर सहा अंशांच्या सकाळी ईसीयू गरम इंजिनाइतकंच पेट्रोल देतो आणि गाडी पेट घेत नाही. दुपारी तीच गाडी एका सेलमध्ये सुरू! मग गॅरेजवाला म्हणतो, "साहेब, गाडीत काहीच प्रॉब्लेम नाही."

हे घरी पकडता येतं. २०१३ नंतरच्या गाड्यांत स्टिअरिंगखाली ओबीडी पोर्ट असतो. त्यात लावायचा ब्लूटूथ स्कॅनर स्वस्तात मिळतो. रात्रभर गाडी उभी ठेवा, सकाळी फक्त इग्निशन चालू करा, सेल मारू नका. मोबाइलवर दोन आकडे बघा: कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान. रात्रभर उभ्या गाडीत हे दोन्ही जवळजवळ सारखे आणि बाहेरच्या हवेच्या आसपास असायला हवेत. दोन-चार अंशांचा फरक चालतो. हवा ९ आणि कूलंट ४१ दाखवत असेल तर चोर सापडला. कूलंट थेट उणे ४० दाखवत असेल तर बहुधा वायर तुटली आहे किंवा कनेक्टर निघाला आहे. तुटलेली वायर ईसीयू स्वतःच ओळखतो आणि चेक इंजिनचा दिवा लावतो. खोटा पण पटण्यासारखा आकडा देणारा सेन्सर मात्र ओळखत नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना हे दुःख माहीत आहे: रिकामी व्हॅल्यू लगेच सापडते, चुकीची पण शहाण्यासारखी दिसणारी व्हॅल्यू महिनोन् महिने लपते.

स्पार्क प्लग, इग्निशन कॉइल, चोंदलेला एअर फिल्टर हे नेहमीचे संशयित आहेतच. प्लग किलोमीटरप्रमाणे वेळेवर बदलले असतील तर शेवटी बघा.

सीएनजीवाल्यांसाठी

आपल्याकडे पुणे-मुंबई-नाशिकमध्ये थंडीच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांत सीएनजीवाले बरेच असतात, आणि कारण बहुधा पेट्रोलचं असतं. सिलिंडरमध्ये गॅस साधारण २०० बारला भरलेला असतो. रिड्यूसर त्याचा दाब उतरवतो आणि दाब उतरताना गॅस खूप थंड होतो. रिड्यूसर गोठू नये म्हणून त्यातून इंजिनाचं गरम कूलंट फिरवलेलं असतं. पण सकाळी कूलंटच गार! म्हणून अनेक गाड्या पेट्रोलवर सुरू होतात आणि गरम झाल्यावर गॅसवर जातात. थेट गॅसवर सुरू होणाऱ्या गाड्याही आता आहेत, पण सगळ्या नाहीत.

मग होतं काय, की 'पेट्रोल कशाला भरायचं' म्हणत टाकीत काटा तळाला आणि त्यातलं पेट्रोल सहा महिन्यांचं. शिळ्या पेट्रोलचा लवकर उडणारा भाग आधीच उडून गेलेला असतो, आणि थंड इंजिनाला नेमका तोच हवा असतो. इंजेक्टरही न वापरल्याने चिकटतात. उपाय साधा: टाकीत पाव भागापेक्षा जास्त पेट्रोल ठेवा, आठवड्यातून पाच-दहा किलोमीटर मुद्दाम पेट्रोलवर चालवा.

डिझेल: प्रकरण वेगळं

डिझेलमध्ये स्पार्क नसतो. हवा दाबून इतकी तापवायची की डिझेल आपोआप पेटावं. साधारण १६ पट दाबलेली ३० अंशांची हवा आदर्श गणिताने पाचशेच्या पुढे जाते. तीच हवा उणे २० ची असेल तर चारशेच्या आसपासच थांबते. सुरुवातीला फरक ५० अंशांचा होता, शेवटी तो १३० च्या घरात जातो, कारण दाबाने तापमान बेरजेने नाही तर गुणाकाराने वाढतं. शिवाय थंड धातू उष्णता खातो आणि सेल्फ हळू फिरत असेल तर रिंगांमधून हवा निसटते. ही तूट भरून काढायला हीटर प्लग असतात. डॅशबोर्डवर पिवळं स्प्रिंगसारखं चिन्ह लागतं ते त्यांचंच. ते विझेपर्यंत थांबायचं, मग सेल मारायचा. फार थंडी असेल तर न सेल मारता किल्ली बंद करून हे दोनदा करा.

माझे एक मामा निफाडजवळ राहतात. तिथे थंडीत काही दिवस पारा पाच-सहावर येतो. घरात मामींचं डायलिसिस, आठवड्यातून दोनदा सकाळी सातला नाशिकला पोचावं लागतं. दहा वर्षं जुनी डिझेल गाडी सकाळी सुरूच होईना. गॅरेजने बॅटरी बदलली, तरी तेच. मामांचा फोन आला. "बॅटरी नवीकोरी आहे रे, तरी लबाड सुरू होत नाही. आता काय, इंजिन काढायला सांगतील." मी म्हटलं, "मामा, तुम्ही सेल मारा आणि मागे धूर कसा येतोय ते कुणाला तरी बघायला सांगा." पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येत होता.

हा पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. इंधन येतंय, पेटत नाही. म्हणजे पंप, फिल्टर, इंजेक्टर सगळे एका झटक्यात संशयातून बाहेर. (धूरच नसेल तर उलट: इंधन पोचतच नाही.) इलेक्ट्रिशियनने चारही हीटर प्लगचा रोध मोजला. चांगला प्लग एक ओहमच्या आसपास किंवा कमी दाखवतो. तीन प्लग पूर्ण तुटलेले होते. उन्हाळ्यात त्यांची गरजच पडत नाही, त्यामुळे ते कधी गेले ते कळलंच नव्हतं. प्लग बदलल्यावर पहिल्या सेलला गाडी सुरू. ज्या दिवशी दवाखान्याची वेळ ठरलेली असते त्या दिवशी ही अर्ध्या तासाची तपासणी बॅटरीच्या आधी झाली असती तर बरं झालं असतं, एवढंच मला त्या गॅरेजबद्दल म्हणायचं आहे.

डिझेलची दुसरी अडचण महाराष्ट्रात येत नाही, हिमालयात येते: डिझेलमधलं मेण. तापमान उतरलं की डिझेल आधी गढूळ होतं, मग मेणाचे कण फिल्टर चोंदवतात. भारतीय मानकाप्रमाणे साध्या डिझेलने हिवाळ्यात ६ अंशांपर्यंत आणि उन्हाळ्यात १८ अंशांपर्यंत फिल्टरमधून वाहिलं पाहिजे, एवढीच अट आहे. प्रत्यक्षात ते याहून चांगलं असू शकतं, पण उणे २० ला भरवसा नाही. म्हणूनच इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास हिवाळी डिझेल आणलं. याची खूण अशी: गाडी सुरू होते, दोन-चार मिनिटं चालते आणि मरते, कारण पाइपमधलं डिझेल संपलं आणि टाकीतलं फिल्टरमध्ये अडकलं. हिवाळ्यात वर जाणार असाल तर खालून भरलेली टाकी बऱ्यापैकी संपवून तिथलं हिवाळी डिझेल भरा. डिझेलमध्ये रॉकेल किंवा पेट्रोल मिसळण्याचा जुना ड्रायव्हरी सल्ला कॉमन रेल इंजिनात अजिबात पाळू नका. त्या पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं.

लेह-स्पितीला हिवाळ्यात जाण्याआधी

कूलंट तपासा. आपल्याकडे रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं नळाचं पाणी टॉप-अप होत असतं. पुण्यात ते खपतं. लेहमध्ये पाणी गोठतं, गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि इंजिनाच्या ब्लॉकला तडा जाऊ शकतो. इथे दुरुस्ती नसते, इंजिनच बदलावं लागतं. निम्मं पाणी, निम्मं इथिलीन ग्लायकॉल असेल तर साधारण उणे ३७ पर्यंत काळजी नाही. रात्री कूलंट गोठल्याची शंका असेल तर सेल मारूच नका.

ऑइलच्या डब्यावरचा पहिला आकडा थंडीचा. १५डब्ल्यू-४० मधला 'डब्ल्यू' म्हणजे विंटर. १५डब्ल्यू ऑइलची सेल मारण्याची चाचणी उणे २० अंशांना होते, १०डब्ल्यूची उणे २५, ५डब्ल्यूची उणे ३० आणि ०डब्ल्यूची उणे ३५. म्हणजे लेहच्या जानेवारीत १५डब्ल्यू अगदी काठावर असतं. दुसरा आकडा गरम इंजिनाचा. मॅन्युअलमध्ये परवानगी आहे तेवढंच पातळ ऑइल घाला.

लेहला समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरवर हवेचा दाब खालच्या सुमारे दोन-तृतीयांश असतो. त्यामुळे डिझेलला दाबायला हवाही कमी मिळते. लिथियमचा पोर्टेबल जंप स्टार्टर नेत असाल तर रात्री गाडीत नको, खोलीत ठेवा. तोही थंडीत गळपटतो, आणि शून्याखाली तो चार्ज करू नये. डीईएफ (युरिया) उणे ११ ला गोठतं, पण गाडी न सुरू होण्याचं कारण ते सहसा नसतं; त्याच्या टाकीला हीटर असतो.

ट्रकवाले टाकीखाली किंवा चेंबरखाली शेकोटी करतात ते तुम्ही पाहाल. ट्रक जळाल्याचे प्रकारही त्यातूनच होतात. गरम पाणी ओतायचंच असेल तर कापड भिजवून डिझेल फिल्टरवर गुंडाळा, विजेच्या जोडांवर नको. आणि कितीही थंडी असली तरी इंजिन चालू ठेवून बंद गॅरेजमध्ये बसू नका, गाडीत झोपू नका. सायलेन्सरचं तोंड बर्फात बुजलं तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो जागं होऊ देत नाही.

विनिपेग-एडमंटनकडे नोकरीला गेलेल्या वाचकांसाठी थोडक्यात: तिथे गाडीच्या नाकातून लोंबणारी प्लगची वायर शोभेची नसते. तो ब्लॉक हीटर, इंजिनातलं कूलंट विजेने कोमट ठेवणारा. उणे १५-२० च्या खाली निघण्याआधी दोन ते चार तास लावला की पुरतो, रात्रभर लावून बिल वाढवायची गरज नाही, टायमर घ्या. सेकंडहँड गाडी घेताना तो आहे का आणि चालतो का हे आधी विचारा.

गाडी बरी, किल्ली आजारी

बटण स्टार्टच्या गाड्यांत थंडीत किल्लीतला सीआर २०३२ सेल मान टाकतो. डॅशबोर्डवर किल्लीचं चिन्ह लुकलुकतं, इंजिन फिरत नाही. किल्लीच स्टार्ट बटणाला टेकवून धरा (काही गाड्यांत जागा वेगळी असते, मॅन्युअल बघा) आणि ब्रेक दाबून सुरू करा. किल्लीतली चिप सेलशिवायही वाचता येते.

एवढं करूनही जमलं नाही तर मेकॅनिकला बोलवा, पण फोनवर "गाडी सुरू होत नाही" इतकंच सांगू नका. इंजिन फिरतंय की नाही, सेल मारताना व्होल्टेज किती पडलं, धूर किंवा वास आला का, दुपारी सुरू होते का, हे चार मुद्दे सांगा. तो कोणता पार्ट सोबत घेऊन निघेल ते यावरच ठरतं.